जुनं थकलेलं कार्ड आणि नव्याने केलेला अर्ज : तुमचे अनुभव सांगा

मागच्या आठवड्यात माझं नवीन क्रेडिट कार्ड कुरिअरने घरी आलं. मर्यादा साठ हजारांची. पाकिटावर सही करताना हात कापत होता, कारण याआधीचं कार्ड मी २०१३ साली बुडवलं होतं. बुडवलं हाच शब्द वापरतो.

त्या वर्षी नोकरी गेली, कार्डावर ४२ हजार होते. सुरुवातीला दर महिन्याला किमान रक्कम भरत राहिलो, २१०० रुपये. त्यातले सोळाशेच्या वर व्याजात आणि करात जायचे, मूळ रकमेतून जेमतेम साडेचारशे वजा व्हायचे. हे गणित तेव्हा मांडलं असतं तर कुणाकडून तरी उसने घेऊन आधी ते मिटवलं असतं. पुढे तेही भरणं थांबलं. वसुलीवाले ठाण्याच्या घरी यायला लागले. आई दार उघडायची आणि मी आतल्या खोलीत बसून राहायचो. २०१६ मध्ये त्यांच्यातला एक जण म्हणाला, ३५ हजार भरा, विषय संपवू. भरले. विषय संपला असं मी सहा वर्षं समजत होतो.

२०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत अर्ज केला, नामंजूर झाला. तेव्हा पहिल्यांदा सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा, अहवाल काढला. त्या खात्याखाली छोटे छोटे चौकोन होते, एकेका महिन्याचे : ०००, ०००, ०३०, ०६१, ०९१, आणि पुढे आकडे वाढतच गेलेले. किती दिवस थकलं त्याचा तो हिशोब. वर स्थिती लिहिलेली : ‘सेटल्ड’. मी ते ‘मिटलं’ असं वाचत होतो. बँका ते ‘पूर्ण पैसे मिळाले नाहीत’ असं वाचतात. गुण, म्हणजे सिबिल स्कोअर, ६११.

जुन्या बँकेला लेखी विचारलं, सोडून दिलेली रक्कम किती होती? व्याज आणि दंडातला काही भाग सोडून २३ हजारांवर तयार झाले. भरले, ना-देय प्रमाणपत्र घेतलं, आणि दीड-दोन महिन्यांत अहवालात ‘क्लोज्ड’ आलं. मग ३० हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर कार्ड घेतलं. वर्षभर फक्त वीजबिल आणि गॅस त्यावर, बिल आलं की त्याच दिवशी पूर्ण भरणा. गुण ७४८ झाल्यावर साधं कार्ड मंजूर झालं.

ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहावं. बँकेचं नाव नको, काय केलं आणि काय झालं ते सांगा.

कोल्हापूर

लिहिलंत ते बरं केलंत. माझं २०२० चं. लॉकडाऊनमध्ये दुकान बंद, कार्डावर ९० हजार. मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत होती ती घेतली, पण व्याज चालूच होतं हे सप्टेंबरचं बिल हातात पडल्यावर कळलं. मलाही निम्म्यात मिटवायचा फोन आला होता. माझा भाचा एका पतसंस्थेत आहे, तो म्हणाला, ‘मामा, तसलं काही घेऊ नका. हप्ते पाडून मागा, पण पूर्ण भरा.’ चार खेपा मारल्यावर २४ हप्ते बांधून मिळाले. मंडळींचे पाटल्या-बिलवर गहाण ठेवून दोन हप्ते भरलेत, हे आजही सांगताना जड जातं. पण खातं स्वच्छ बंद झालं. नंतर वर्षभरात नव्या कार्डाला अडचण आली नाही, मात्र दुसऱ्या बँकेत. जुन्या बँकेने अजून उभं केलेलं नाही. त्यांच्या स्वतःच्या नोंदी वेगळ्या असतात, तिथे गुण कितीही असला तरी उपयोग होत नाही.

पुणे, निवृत्त बँक कर्मचारी

चार गोष्टी नीट सांगतो, कारण यातच लोकांचं नुकसान होतं.

‘तीन वर्षं झाली, आता कर्ज बाद’ असं अनेकांना वाटतं. मुदतीच्या कायद्याची तीन वर्षं ही बँकेने कोर्टात जाण्यापुरती आहेत. त्याने अहवालातली नोंद पुसली जात नाही, ती किमान सात वर्षं ठेवली जाते. राइट-ऑफ म्हणजेही माफी नव्हे. बँकेने आपल्या वहीतून काढलं, तुमच्या नावावरून नाही.

दुसरं, पैसे आधी आणि कागद नंतर, असं कधीही करू नका. बँकेच्या लेटरहेडवर, खाते क्रमांकासह, ‘इतके भरल्यावर खाते बंद आणि अमुक स्थिती कळवू’ हे लिहून घ्या, मगच भरा. वसुली एजंटच्या हातात रोख तर नकोच. आणि त्यांना सकाळी ८ च्या आधी वा संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, हे घरच्या बायकामाणसांनाही सांगून ठेवा. फोन त्यांनाच घ्यावे लागतात.

तिसरं, जुनी कर्जं अनेकदा मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जं बँकेकडून विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकलेली असतात. मग बँक म्हणते आमच्याकडे नाही, कंपनी म्हणते बँकेला विचारा. सध्या कर्ज ज्याच्या नावावर दिसतं त्याच्याकडूनच ना-देय घ्यायचं. म्हणून आधी अहवाल. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, अशा नोंदी ठेवणाऱ्या या चौघांकडून वर्षाला एकेक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण कमी होत नाहीत.

चौथं, चुकीची नोंद दिसली तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई आहे, एप्रिल २०२४ पासून. तेवढ्यानेही झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल.

‘सेटल्ड’ खात्याची उरलेली रक्कम पुन्हा भरावी का, यावर मी धागाकर्त्याशी थोडा असहमत आहे. गृहकर्ज घ्यायचं असेल तर भरा. नुसतं कार्ड हवं असेल आणि नोंद पाच-सहा वर्षं जुनी असेल, तर तेच पैसे मुदत ठेवीत घालून त्यावर कार्ड घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

ठाणे (धागाकर्ता)

काका, तुमचं पटतं. माझ्या मनात गृहकर्जच होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते पैसे द्यायचेच होते.

नागपूर

माझं कर्जच नव्हतं! मॉलमध्ये फॉर्म भरून घेतलेलं कार्ड, कधी वापरलंच नाही. वार्षिक शुल्क ५९० रुपये, त्यावर विलंब शुल्क, त्यावर व्याज. चार वर्षांनी बाईकच्या कर्जाला गेलो तेव्हा ६,२०० थकीत. शुल्क माफ करून घ्यायला तीन महिने ईमेल केले. न वापरलेलं कार्ड कपाटात असेल तर आजच लेखी बंद करा. मागणी केल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो. थकबाकी मात्र शून्य हवी.

बंगळुरू

नामंजूर झालं की लगेच दुसरीकडे अर्ज, असं करू नका. मी एका महिन्यात सहा केले. सहाही चौकशा अहवालात आल्या आणि सातवा अधिकारी तेच दाखवून नाही म्हणाला. नामंजुरीचं कारण लेखी मागता येतं. मी मागितलं तेव्हा कळलं की माझा जुना पत्ताच अडचण होता.

सांगली

वाचत होते, लिहू की नको असं झालं होतं. मिस्टर २०२१ च्या मे महिन्यात कोविडने गेले. त्यांच्या कार्डावर १ लाख ३५ हजार होते, त्यातले बरेचसे हॉस्पिटलच्या औषधांचे. माझ्याकडे त्याच खात्याचं जोड-कार्ड होतं. दहावं-तेरावं उरकत नाही तोच फोन सुरू. ‘तुमच्या नावावरही कार्ड आहे, तुम्हालाच भरावं लागेल.’ मी मंगळसूत्र मोडायला निघाले होते. दिराच्या ओळखीच्या वकीलबाईंनी थांबवलं. जोड-कार्डाचं देणं मुख्य कार्डधारकाचं असतं आणि वारसावर जबाबदारी येते ती गेलेल्या माणसाकडून जे मिळालं तेवढ्यापुरतीच. त्यांच्या बचत खात्यात होते ते ४१ हजार बँकेने वळते केले, मृत्यूचा दाखला दिला, खातं बंद झालं.

मग माझ्या नावाने अर्ज केला तेव्हा निराळंच. थकबाकी नाही, पण इतिहासच नाही. वीस वर्षं घर चालवलं, कागदावर मी कुठेच नव्हते. २० हजारांच्या ठेवीवर कार्ड मिळालं, मर्यादा १८ हजार. त्यावर पहिली खरेदी मुलीची दहावीची पुस्तकं. बिल अठ्ठावीसशे चाळीस. देय तारखेच्या आठ दिवस आधी भरलं आणि पावतीची प्रिंट काढून ठेवली. त्या कार्डावर छापलेलं माझं नाव मी कितीतरी वेळ बघत होते.

ठाणे (धागाकर्ता)

ताई, लिहिलंत हे फार मोलाचं आहे. जोड-कार्डाचं मलाही माहीत नव्हतं, आज घरी बायकोला दाखवतो.

लातूर

माझा शेवटचा हप्ता काल भरला, ४,१५०. वर काकांनी म्हटलंय तसं लेटरहेडवरचं पत्र आधीच घेतलंय, पण त्यात खाते क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे चुकलेत, आत्ता हे वाचून तपासलं तेव्हा दिसलं. उद्या शाखा उघडली की पहिली मीच. दुरुस्त पत्र मिळालं की इथे लिहिते.