बिअरच्या टोपाला कोणता व्हॉल्व्ह लावावा?

उकळी50:
परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीच्या चाचणी-बॅचसाठी छोटा सेट घरी जुळवतोय. 50 लिटरचा स्टीलचा टोप आहे, पत्रा 1 मिमी. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात अर्ध्या इंचात तीन बॉल व्हॉल्व्ह (आत भोक असलेला गोळा फिरतो ते) दाखवले: पितळी, स्टीलचा वन पीस (अखंड बॉडीचा) आणि स्टीलचा थ्री पीस (तीन तुकडे बोल्टने जोडलेला). थ्री पीस बराच महाग आहे. एवढा फरक पडतो का? वेल्डिंगशिवाय बसेल का? फर्मेंटरलाही (बिअर आंबवायच्या भांड्याला) तोच चालेल?

पक्कड:
थ्री पीसच घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. बॉल व्हॉल्व्ह बंद केला की गोळ्याच्या भोकात आणि गोळा व बॉडी यांच्यामधल्या फटीत वर्ट (माल्टचं गोड पाणी, ज्याची पुढे बिअर होते) अडकून राहतो. साखर आणि प्रथिनं तिथे चिकटतात, नुसतं पाणी सोडून ती निघत नाहीत. वन पीस उघडताच येत नाही. थ्री पीसचे तीन बोल्ट काढून चौथा सैल केला की मधला तुकडा बाजूला फिरतो, गोळा आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या पांढऱ्या टेफ्लॉन रिंगा (सीट) हातात येतात. नवा व्हॉल्व्हही एकदा पूर्ण उघडून गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने धुवा, आत कारखान्याचं तेल असतं. परत जोडताना बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी आवळली तर सीट दबते आणि गळती सुरू होते.

बॉडीवर सीएफ8 लिहिलेलं असेल तर ते भांड्यांच्या 304 स्टेनलेसच्या जोडीचं ओतीव स्टील. एवढं पुरे, सीएफ8एमसाठी (316 च्या जोडीचं) जास्त पैसे नकोत. मात्र ब्लीच कुठल्याच स्टीलला लावू नका, क्लोरीनने खड्डे पडतात. पितळेत शिसं असतं आणि वर्ट आंबट असतो, म्हणून पितळ मी सुचवणार नाही. दुकानात ‘फुल बोअर’ (गोळ्याचं भोक पाइपाएवढंच) सांगून घ्या. वन पीसचं भोक सहसा आतून लहान असतं, हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) गाळ तिथेच अडकतो.

गाळणी_ठाणे:
वेल्डिंग लागत नाही. भोक 21 मिमी, स्टेप ड्रिलने (पायऱ्यांच्या शंकूसारखा बिट), कमी वेगात आणि कटिंग ऑइल टाकत. ड्रिल न कापता नुसतं घासलं तर स्टील जागेवरच कडक होतं, मग बिट पुढे सरकत नाही. भोकाचा मध्य तळापासून 3-4 सेंमी वर ठेवा. खाली गोलाई सुरू होते आणि तिथे वॉशर सपाट बसत नाही.

बाहेरून आत असा क्रम: व्हॉल्व्ह, हेक्स निपल (दोन्ही टोकांना आटे, मध्ये षटकोन), वॉशर, सिलिकॉन ओ-रिंग, टोपाचा पत्रा, आतून नट. निपल समांतर आट्यांचं मागा. निमुळते आटे असले तर नट अर्ध्यातच अडकतो आणि ओ-रिंग दाबली जात नाही. दुकानदार काळी रबरी रिंग देईल, ती नको, उकळीत वास सोडते. रिंग जरा चपटी होईल इतकंच आवळा, जास्त आवळली की ती बाहेर सरकते.

सगळ्यात मोठी फसगत आट्यांची. आपल्याकडचा माल बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे आटे), बाहेरून मागवलेली बिअरची फिटिंग बहुधा एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे). अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला 14 आटे, त्यामुळे दोन-तीन फेरे मस्त बसतात. पण आट्यांचा कोन बीएसपीत 55 अंश, एनपीटीत 60. टेप कितीही गुंडाळा, शेवटी गळतंच. सगळं एकाच प्रकारचं घ्या.

थंडबाजू:
फर्मेंटरला बॉल व्हॉल्व्ह नको. टोपात वर्ट उकळतो म्हणून जंतू मरतात, पुढे थंड वर्टला उकळी नाही. गोळ्यामागे राहिलेल्या घाणीत लॅक्टोबॅसिलस (दही लावणाऱ्या जातीचा जीवाणू) वाढला की अख्खी बॅच आंबट. तिथे दीड इंची टीसी (ट्राय-क्लॅम्प, क्लॅम्पने जोडायचा) बटरफ्लाय व्हॉल्व्ह लावा, त्यात गोळ्याऐवजी चकती फिरते. फेरूलचा (क्लॅम्प बसतो त्या कडेच्या नळीचा) चेहरा 50.5 मिमी असतो, तो मोजूनच गॅस्केट घ्या. डेअरी फिटिंगच्या दुकानात हे मिळतं. फेरूल मात्र अर्गॉन वेल्डिंगनेच बसवा आणि सांधा आतून घासून गुळगुळीत करून घ्या.

टोपाचा बॉल व्हॉल्व्ह दर वेळी खोलून धुणं जमलं नाही तर धुताना हँडल 45 अंशावर ठेवून गरम पाणी सोडा. तेव्हा बॉडीतल्या फटीतही पाणी शिरतं. तरी चार-पाच बॅचनंतर खोलाच.

उकळी50:
आभार. गॅसची ज्योत टोपाच्या कडेने वर येते. हँडलचं प्लास्टिक टिकेल?

पक्कड:
टिकणार नाही, कव्हर काढून टाका. शेगडी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पत्र्याचा आडोसा लावा, सिलिकॉन रिंगही वाचेल. हँडल उघडल्यावर ज्योतीच्या बाजूला येणार नाही असं फिरवून बसवा.