फ्रीरेन अ‍ॅनिमेचा एपिसोड 26 कडक होता, मान्य. पण एक्झाम आर्क (जादूगारांच्या परीक्षेचा भाग) तुम्हाला खरंच पटतोय का? (एपिसोड 26 पर्यंत स्पॉयलर)

मध्यरात्रीचा_प्रेक्षक · 10 मार्च 2024

आधीच सांगतो, 26 ला नावं ठेवायला हा धागा काढलेला नाहीये. फ्रीरेन आणि तिची शिष्या फर्न एका बाजूला आणि समोर परीक्षेच्या डन्जनमध्ये (भुयारात) तयार झालेली फ्रीरेनचीच कॉपी, ती सगळी लढाई मॅडहाऊस स्टुडिओने ज्या ताकदीने काढलीय त्याला तोड नाही, आणि इव्हान कॉलच्या म्युझिकबद्दल तर मी आता बोलणंच सोडलंय. एपिसोड संपला तेव्हा मी एंडिंग गाणं पण स्किप केलं नाही, नुसता बसून राहिलो.

पण दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर एक गोष्ट खटकायला लागली. सप्टेंबर 2023 ला पहिले चार एपिसोड एकाच रात्री दोन तासांच्या स्पेशलमध्ये दाखवले होते, आठवतंय ना? तेव्हा जी सिरीज सुरू झाली ती काय होती? डेमन किंगला मारून पार्टी घरी परत येते इथून गोष्ट चालू, पार्टीचा हिरो हिमेल म्हातारा होऊन जातो, आणि हजार वर्षं जगलेली ही एल्फ त्याच्या अंत्ययात्रेत रडते की दहा वर्षं सोबत होते पण याला समजून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. पुढे कित्येक एपिसोड नुसतं चालणं, गावं, फुलं, कुठला तरी फालतू स्पेल मिळाला म्हणून खूश होणारी फ्रीरेन, आणि मध्येच हिमेलचं काहीतरी आठवतं आणि आपण गार. मला ते हवं होतं आणि ते मिळत होतं.

मग 18 पासून फर्स्ट क्लास मेजची (जादूगाराची) परीक्षा. एकदम ढीगभर नवीन जादूगार, तिघातिघांच्या टीम, पक्षी पकडा, डन्जन उतरा. सोबत फिरणारा पुजारी झाइन सतराव्यातच निघून गेला आणि पार्टीतला योद्धा स्टार्क तर जवळजवळ गायबच आहे. स्टार्क-फर्नची भांडणं म्हणजे या सिरीजचा निम्मा जीव होता राव. आता दोन मिनिटं हिमेलचा फ्लॅशबॅक आला की जरा बरं वाटतं आणि परत कोणीतरी कोणावर तरी काहीतरी फेकतंय.

तर प्रश्न असा की हा भाग तुम्हाला त्याच सिरीजचा वाटतोय का, की कुठल्यातरी दुसऱ्या शोनेनची (पोरांसाठीच्या मारामारीवाल्या सिरीजची) टूर्नामेंट उचलून इथे आणून बसवल्यासारखी वाटतेय? की मी आठवड्याला एकच बघतोय म्हणून मला असं होतंय?

मंगा (मूळ कॉमिक) वाचलेल्यांना हात जोडून विनंती, 26 च्या पुढचं काहीही नको. "थांब जरा, मग बघ" हे पण स्पॉयलरच असतं.

बाकी या सीझनला माझं डन्जन मेशी, अपोथेकरी आणि सोलो लेव्हलिंग या बाकीच्या अ‍ॅनिमे सिरीज बघणं चालू आहे, त्यावर पण बोला.

---

पानं_उलटणारी

मंगा वाचलेली आहे, तोंडाला कुलूप लावून लिहितेय, काळजी नको.

पहिली गोष्ट, मंगात ही लढाई जवळजवळ नाहीच आहे. म्हणजे आहे, पण थोडक्यात उरकलीय, मोजक्या पॅनल्समध्ये. अ‍ॅनिमेवाल्यांनी ती फुगवलीय आणि तरी ती फुगवल्यासारखी वाटत नाही. लुग्नर आणि लिनी या राक्षसांच्या वेळी नवव्या एपिसोडला पण त्यांनी हेच केलं होतं. त्यामुळे "शोनेन वाटतंय" याचं थोडं श्रेय दिग्दर्शक साइतोच्या टीमला द्यायला लागेल, कारण मूळ मंगा मारामारीच्या बाबतीत याहून खूप कोरडा आहे.

आता तुझा मुद्दा. मला उलट वाटतं की 26 हा पहिल्या एपिसोडांइतकाच फ्रीरेन-फ्रीरेन आहे. नीट बघ. पंचविसाव्यात सगळे गोल करून बसलेत आणि फ्रीरेन शांतपणे सांगतेय की माझ्यात एक कच्चा दुवा आहे, स्पेल टाकताना क्षणभर माझं मॅना डिटेक्शन (दुसऱ्याची जादूशक्ती जाणवणं) बंद पडतं. आणि हे तिच्या लक्षात कोणी आणून दिलं? फर्नने. इतकी वर्षं मागे मागे चालून, सामान उचलून, सकाळी हिला ओढून उठवून फर्नने तिला इतकं बारीक पाहिलंय की जे भल्याभल्या राक्षसांना दिसलं नाही ते या पोरीला दिसलं. आणि मग ती एकदम थंड चेहऱ्याने म्हणते की मी फ्रीरेन-सामांना मारू शकेन बहुतेक. माझ्या अंगावर काटा आला तिथे, लढाईत नाही आला.

हिमेलसोबत दहा वर्षं राहून फ्रीरेनने जे केलं नाही ते फर्नने करून दाखवलंय. आता बोल, ही दुसरी सिरीज आहे?

अजून एक. फर्न वापरते काय, तर साधी अटॅक मॅजिक. तीच जी तिसऱ्या एपिसोडमधल्या क्वाल या राक्षसाने शोधली होती, जिच्यापुढे तेव्हा कोणाचं काही चालत नव्हतं, आणि आता जी प्रत्येक शिकाऊ जादूगाराला येते. मॅना लपवायचा, भिंतीपलीकडे दबा धरून बसायचं आणि ती एक फट दिसली की झोड उठवायची. लपवाछपवी कुठून आली ते औरा या राक्षसिणीच्या एपिसोडमध्ये दाखवून झालंय. म्हणजे 3, 10 आणि 26 हे एका ओळीत आहेत. एक्झाम नसती तर हे जुळलंच नसतं, कारण फ्रीरेनविरुद्ध फर्न उभी कशी करणार होते ते लोक?

आणि तो शेवट, कॉपी फर्नला जे काही मारते ते फर्नला जादू म्हणून कळतच नाही, मॅना हललेलाच जाणवत नाही, नुसती भिंतीवर आदळते. जिला सगळं दिसतं तिलाच ते दिसलं नाही. त्या दोन सेकंदांवर मी एक वेगळा धागा काढू शकते.

---

सरळ_बोलतो

ताई लिहिलंय भारी, पण मला अजूनही बोअरच वाटतंय. पक्ष्यावर चार एपिसोड घालवले राव, चार! श्टिले पकडायचा, तो आवाजापेक्षा जोरात उडतो, ठीक आहे, पुढे? आणि इतकी माणसं की माझ्या लक्षातच राहत नाहीत, कान्ने कोण लाविने कोण हे आत्ता आत्ता कळलं, एकमेकींच्या झिंज्या ओढणाऱ्या त्या दोघी एवढंच.

म्हातारा डेंकेन मात्र आवडला. मॅना संपला तर बाह्या सरसावून सरळ बुक्क्यांनी मारामारी करायला निघाला, या वयात. त्याच्यावर सिरीज काढा, मी बघतो.

---

उबेलची_कात्री

परीक्षा देणाऱ्या उबेलबद्दल कोणी बोलणारे का नाही? सेन्स परीक्षक आहे, फर्स्ट क्लास आहे, तिचे केस पोलादासारखे, कॉपी पण तेवढीच डेंजर. आणि उबेलचं लॉजिक काय तर केस आहेत ना, केस कापायचेच असतात. विषय संपला. जे कापता येईल असं मनाला वाटतं ते कापता येतं, एवढंच हिचं शास्त्र. माझ्यासाठी ती एक गोष्ट म्हणजे अख्ख्या आर्कचा सार आहे, या जगात जादू म्हणजे तुम्हाला काय कल्पता येतं ते. कान्नेचं पण तेच की, पाणी समोर असेल तर ती काहीही करेल, पण पाणी समोर लागतं. म्हणून मग फ्रीरेन सेरी या मोठ्या जादूगारणीचा बॅरियर तोडून पाऊस आत घेते. ज्याला पक्ष्यावर वेळ वाया गेला वाटतोय त्याने ते परत बघा, पाऊस पडायला लागतो आणि कान्नेचा चेहरा बदलतो ते.

---

मध्यरात्रीचा_प्रेक्षक

@पानं_उलटणारी हे 3-10-26 वालं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, चांगलं पकडलंस. फर्नवाल्या भागाशी सहमत. पण तरी माझी निम्मी तक्रार जागेवरच आहे. फर्न-फ्रीरेनसाठी मला 25 आणि 26 पुरले असते. त्यासाठी वीर्बेल, लांड, एडेल, मेटोडे हे सगळे परीक्षार्थी इतके विस्ताराने कशाला? आणि स्टार्कचं काय? परीक्षेला बसत नाही म्हणून त्याला आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवायचं हे मला पटलेलं नाही आणि पटणार नाही.

@उबेलची_कात्री पावसाचा सीन भारी होता, त्यात वाद नाही.

---

चहात_काय_मिसळलंय

मी वेगळ्याच गावची. मला या सीझनला फ्रीरेनपेक्षा अपोथेकरीची माओमाओ जास्त बांधून ठेवतेय, शिव्या द्या.

कालचा 22 बघितला का कोणी? निळे गुलाब. ऋतू नसताना, तेही निळे, आणून दाखव असं लष्करातला लाकान दरबारातल्या जिन्शीला डिवचतो आणि ते काम येऊन पडतं माओमाओच्या अंगावर. ती करते काय, तर कळ्या धरायला वाफेची उष्णता, आणि निळा रंग म्हणजे पांढऱ्या गुलाबाला रंगीत पाणी पाजायचं, देठातून ते वर चढतं. कसलीही जादू नाही. हे घरात कोणीही करून बघू शकतं आणि तरी तो दरबार भुतासारखा बघत बसतो. सोबत ते लाल नखांचं फॅड, जे तिने मुद्दाम पसरवलंय, आणि ती नखं नेमकी कोणाच्या डोळ्यांत खुपावीत हे तिचं ठरलेलं आहे. माओमाओला आवाज देणाऱ्या अओई युकीचा आवाज तिथे कसा बदलतो ऐका, विषाबद्दल बोलताना किलबिलणारी माओमाओ लाकानचं नाव निघालं की एकदम सपाट होते.

तुझ्या प्रश्नावर सांगायचं तर, "सिरीज बदलली" ही तक्रार अपोथेकरीवर येत नाही कारण ती आधीपासूनच तुकड्यातुकड्यांची आहे. एक केस, दुसरी केस, तिसरी केस, आणि नंतर कळतं की तीन केसेस मिळून एकच होती. आठवड्याला एक बघायला हा साचा बरोबर बसतो. फ्रीरेनचा पहिला भाग पण असाच होता, एक गाव एक आठवण. एक्झाममध्ये ते गेलं आणि एपिसोड अर्ध्यात तुटायला लागले, 24 मिनिटांत ओपनिंग-एंडिंग सोडून हातात राहतं किती. त्यामुळे आठवड्याला एक बघण्याचा त्रास खरा आहे, तुझ्या मनाचे खेळ नाहीत ते.

---

मंद_आचेवर

वरच्याला +1, आणि डन्जन मेशीवाल्यांकडून हजेरी.

आमच्याकडे या आठवड्याला बेडकाच्या कातड्याचे सूट घालून टेंटॅकल्सच्या जिन्यातून उतरले सगळे. जादूगार मार्सिलचा तो सूट घालतानाचा चेहरा ट्रिगर स्टुडिओने असा काढलाय की मी पॉज करून करून बघितला. त्याआधी उंडीनच्या (पाण्याच्या आत्म्याच्या) पाण्याचं स्ट्यू. जिने मार्सिलला जवळजवळ मारलं तीच शिजवून प्यायली, कारण त्या पाण्यात मॅना आहे. बोला.

गंमत म्हणजे बाहेरून ही सिरीज सगळ्यात टवाळ दिसते आणि आतून सगळ्यात शिस्तीची आहे. कोणता राक्षस काय खातो, त्याला कोण खातं, कुठल्या मजल्यावर काय उगवतं, सगळं लागतंय एकमेकांना. त्यांचा स्वयंपाकी सेन्शी जेवण करताना जे बोलतो ते चार एपिसोडनंतर कुणाचा तरी जीव वाचवतं. आणि आता रेड ड्रॅगन येणारच, हिरोची बहीण फालिन त्याच्या पोटात आहे हे पहिल्या एपिसोडपासून डोक्यावर टांगलेलं आहे, आणि आपण इतके आठवडे रेसिपी बघत मजेत. मंगा सप्टेंबर 2023 ला संपलाय आणि 14 खंड आहेत, त्यामुळे शेवट माहीत असलेले भरपूर फिरतायत, कमेंट वाचताना जपून.

फ्रीरेनबद्दल माझं मत मधलं. परीक्षा मला आवडतेय, पण ती आवडायला मला दोन-दोन एपिसोड साठवून बघायला लागतात. मी 24 सोडला आणि 24-25 एकत्र बघितले, एकदम वेगळं वाटलं. तू 18 ते 26 सलग एकदा लाव आणि मग बोल.

---

लेव्हल_अप_दादा

सोलो लेव्हलिंगला कोणी विचारेना 😤 मान्य आहे की गोष्ट सरळसोट आहे, हिरो जिनवू मार खातो, जिनवू लेव्हल वाढवतो, जिनवू मारतो. पण पहिल्या दोन एपिसोडमधला तो पुतळ्यांचा डबल डन्जन आठवा, लोकांचे हातपाय जात होते आणि सावानोचं म्युझिक. मध्ये रिकॅप टाकला तेव्हा मी पण चिडलो होतो, पण त्यानंतर गाडी परत रुळावर आलीय.

बाय द वे, जपानमध्ये टीव्हीवर जे दाखवतात त्यात पात्रांची नावं जपानी केलेली आहेत, आपण बघतो त्यात कोरियनच आहेत. क्लिप बघताना कोणीतरी दुसऱ्याच नावाने हाक मारतंय म्हणून गोंधळू नका.

---

सरळ_बोलतो

दादा, सोलो लेव्हलिंग मी जेवताना बघतो आणि तक्रार शून्य. सगळ्या सिरीजनी मला रडवलंच पाहिजे असं काही नाही.

---

पानं_उलटणारी

@मध्यरात्रीचा_प्रेक्षक स्टार्कच्या बाबतीत मी तुझ्याच बाजूची आहे, तिथे काही बचाव नाही. बाकीच्या जादूगारांच्या बाबतीत मात्र नाही. डन्जनमध्ये बाटली फोडली की गोलेम येऊन बाहेर काढतो पण परीक्षा संपली, अशी अट आहे. म्हणजे प्रत्येकाला स्वतःच ठरवायचंय की मी किती सहन करू आणि जिद्द कुठे सोडू. एडेल कुठे थांबते, लाविने-कान्ने कुठे थांबतात, हे बघितल्याशिवाय फ्रीरेनचं ते निवांत चालणं किती विचित्र आहे हे कळत नाही. सगळ्यांसाठी आयुष्याचा प्रश्न आहे आणि ही बाई पेटी दिसली की तोंड घालायला तयार.

---

मध्यरात्रीचा_प्रेक्षक

हाहा, मिमिकचं (पेटीचं सोंग घेणाऱ्या राक्षसाचं) मला मान्य, त्या गॅगला मी कधीच कंटाळणार नाही.

@मंद_आचेवर करतो सलग, पण 28 होऊन जाऊ दे. आता मधेच मागे गेलो तर शुक्रवारी लिंक तुटेल. आणि @चहात_काय_मिसळलंय तुझ्यामुळे 22 आत्ता परत लावला, नखांचं मी पहिल्यांदा बघताना पार सोडून दिलं होतं, मला वाटलं नुसता मेकअपचा सीन आहे.

27 ला कोणीतरी वेगळा धागा काढा रे, आणि शीर्षकात कोण पास कोण नापास लिहू नका, गेल्या वेळी एकाने तेच केलं होतं.