एका सर्व्हरवर चौघांचा गेम: रिमोट डेस्कटॉप चालेल की नाही?

डावपेच
आम्ही चौघं मित्र चार ठिकाणी राहतो, रात्री ओपनटीटीडी हा रेल्वे-वाहतुकीचं जाळं उभारायचा गेम खेळतो. दोघांचे लॅपटॉप आता थकलेत. दर वेळी कुणाची तरी आवृत्ती वेगळी निघते, कुणाची तरी न्यूजीआरएफ फाइल (गेममध्ये नव्या गाड्या वगैरे घालणारी जोडफाइल) राहून जाते आणि खेळायचा वेळ जुळवाजुळवीतच सरतो. शेवटी मी एका दणकट मशीनवर विंडोज सर्व्हर टाकला, प्रत्येकाला वेगळं खातं दिलं. आता सगळे रिमोट डेस्कटॉपनं, म्हणजे दूरच्या मशीनचा पडदा आपल्या मशीनवर आणणाऱ्या सोयीनं, त्याच मशीनवर येऊन खेळतो.

'आरडीपी (म्हणजे हेच रिमोट डेस्कटॉप) गेमसाठी नाहीच' असं जो तो सांगतो. मला ते अजिबात पटत नाही. जिथे बोटांपेक्षा डोकं जास्त चालवावं लागतं, अशा गेमसाठी ही सोय उत्तम आहे. परवा एकाचं नेट मध्येच गेलं. एरवी तो गेममधून बाहेर फेकला गेला असता आणि नकाशा पुन्हा उतरवत बसला असता. इथे फक्त चित्र थांबलं. त्याचं सेशन, म्हणजे सर्व्हरवरचा त्याचा डेस्कटॉप, चालूच होतं. पाच मिनिटांनी आला तर खिडकी होती तशी उघडी आणि त्याची मालगाडी कोळसा भरून स्टेशनातून निघत होती.

नेमबाज
असहमत. तुमचा गेम संथ आहे म्हणून निभावतंय. मी याच पद्धतीनं शूटर (नेमबाजीचा गेम) खेळून पाहिला. माऊस जरासा हलवला की नजर थेट आकाशाला, आणखी हलवला की गरागरा चक्कर. आरडीपी सर्व्हरला कळवतं की माऊस स्क्रीनच्या कुठल्या बिंदूवर आहे. शूटरला हवं असतं की तो मघापासून किती सरकला. या दोन भाषा जुळतच नाहीत.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. 1996 मध्ये क्वेकवर्ल्ड, म्हणजे क्वेक या शूटरची इंटरनेटवर खेळायची आवृत्ती, आलं, त्यात तुमचं मशीन सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता तुमची हालचाल लगेच दाखवायला लागलं आणि चूक झाली तर मागाहून सावरून घ्यायला लागलं. डायलअपवरसुद्धा गेम खेळता आला तो त्यामुळे. रिमोट डेस्कटॉपमध्ये तुम्ही ही सगळी युक्ती दूरच्या मशीनवर नेऊन ठेवता. तिथे ती बिनचूक चालते, पण लपवायचा उशीर उरतो तुमच्या आणि त्या मशीनच्या मध्ये, आणि तो लपवायला कुणीच नाही. कळ दाबली की चित्र येईपर्यंत थांबा!

डावपेच
हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण अंतराला फार दोष देऊ नका. फायबरमधून 1000 किलोमीटर जाऊन यायला प्रकाशाला साधारण 10 मिलिसेकंद लागतात. जास्त वेळ जातो चित्र आवळण्यात (कॉम्प्रेस करण्यात) आणि उलगडण्यात. शिवाय आरडीपीची सेकंदाला 30 फ्रेमची मर्यादा असते. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात) डीडब्ल्यूएमफ्रेमइंटरव्हल हे सेटिंग 15 केलं की 60 पर्यंत जाते. मी केलंय, नकाशा सरकवताना फरक सरळ दिसतो.

नेमबाज
मग सनशाइन-मूनलाइट ही दूरच्या मशीनवरचा गेम दाखवणारी जोडी का नाही? ते गेमसाठीच बनलंय, चित्र थेट ग्राफिक्स कार्डावर आवळतं, माऊसची भानगडही नाही.

डावपेच
कारण ते एका मशीनचा एक डेस्कटॉप दाखवतं. मला एका मशीनवर चार वेगळे डेस्कटॉप हवेत. चार व्हर्च्युअल मशीन (एकाच मशीनमध्ये सॉफ्टवेअरनं बनवलेली मशीन) आणि ग्राफिक्स कार्डाची वाटणी करत बसायचं नाही मला.

सोंगटी
ओपनटीटीडी निवडलंत म्हणून सुटलात. त्यात एक डेडिकेटेड सर्व्हर (फक्त गेम चालवणारी, कुणी न खेळणारी प्रत) 3979 पोर्टवर, म्हणजे नेटच्या त्या क्रमांकाच्या दारावर, बसतो, बाकीचे नुसते जोडले जातात. डायरेक्टप्लेवरचे (विंडोजच्या जुन्या नेटवर्क-गेम सोयीवरचे) जुने गेम घेऊन बघा. त्यांना 47624 हेच पोर्ट लागतं. चारही सेशनचा आयपी एकच, त्यामुळे होस्टिंगला अडचण येते. काही गेम तर दुसऱ्या सेशनमध्ये उघडतच नाहीत, 'आधीच चालू आहे' म्हणून बंद होतात. आणि एक हिशेब बघा: ओपनटीटीडीत प्रत्येक प्रत संपूर्ण जग स्वतः चालवते. म्हणजे चौघांच्या प्रती आणि सर्व्हर मिळून एकाच प्रोसेसरवर तेच जग पाच वेळा चाललंय. नकाशा मोठा झाला की जाणवेल.

डावपेच
जाणवलंय. 2048 बाय 2048 च्या नकाशात गाड्या वाढल्या आणि सगळ्यांचाच गेम एकदम रेंगाळला. आता आम्ही 512 वर खेळतो.

पहारेकरी
माझा विरोध गेमला नाही, तुम्ही ज्या सहजतेनं हे सांगताय त्याला आहे. वाचणारा उद्या आरडीपीचं 3389 पोर्ट इंटरनेटला उघडं टाकून मोकळा होईल. मे 2019 मध्ये ब्लूकीप ही रिमोट डेस्कटॉपमधली त्रुटी जाहीर झाली तेव्हा जुन्या विंडोजवर पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं. उघड्या पोर्टावर पासवर्ड चाचपणारे तर रोजचेच. आणि परवान्याचं काय? विंडोज सर्व्हरवर दोन सेशन मिळतात, तीही देखभालीसाठी. चौघांना खेळायचं तर रिमोट डेस्कटॉपचे वेगळे परवाने घ्यावे लागतात. 120 दिवसांची सवलत संपली की दार बंद.

डावपेच
पोर्ट उघडं नाही, सगळे वायरगार्डमधून (व्हीपीएनच्या खासगी वाटेनं) येतात. हे मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, आता तिथे जोडतो. परवाने मात्र घेतलेले नाहीत, सवलतीवरच चाललंय.

पहारेकरी
मग 121 व्या दिवशी काय ठरवलंत तेही इथे लिहा. माझ्या मते त्या परवान्यांच्या खर्चात त्या दोघांचे लॅपटॉप सुधारावेत.