‘ड्राइव्ह स्लो’ चूक कसं? क्रियाविशेषणाच्या प्रश्नांबद्दल

खडूफळा :
स्पर्धा परीक्षेच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. परवा एका क्लासच्या सराव पेपरात प्रश्न होता : ‘प्लीज ड्राइव्ह ____, द रोड इज वेट.’ पर्याय स्लो, स्लोली, स्लोनेस, स्लोड. उत्तरतालिकेत फक्त ‘स्लोली’. माझ्या एका विद्यार्थिनीनं ‘स्लो’ निवडलं. दोन गुण हुकले, वर अर्धा कापला गेला.

तिचं चुकलेलं नाही. शेक्सपिअरनंसुद्धा ‘हाऊ स्लो धिस ओल्ड मून वेन्स’ असंच लिहिलंय. जुन्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर जोडून क्रियाविशेषण करत. पुढे ते अक्षर गळलं आणि दोन्ही रूपं एकसारखी झाली. फास्ट, हार्ड असे आले, स्लो त्याच पंगतीत बसला. मग फास्ट बरोबर आणि स्लो चूक, हे मुलांना कोणत्या तोंडानं सांगू? असे प्रश्न पेपरात नकोत.

नियमात_राहा :
सर, शेक्सपिअर मान्य, पण पेपर आजचा आहे. औपचारिक लेखनात ‘स्लोली’च रूढ आहे. हीच मुलगी उद्या कक्ष अधिकारी झाली, तर टिपणीत ‘द वर्क प्रोसीडेड स्लो’ लिहिणार का? मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलो. घरात इंग्रजीचं एक अक्षर नव्हतं. ‘क्रियापदाबद्दल सांगायचं तर एलवाय लाव’, एवढ्या एका नियमाला धरून मी पास झालो. त्यात अपवाद घुसडले तर आमच्यासारख्यांनी कशाला धरायचं?

खडूफळा :
तुमचे कष्ट मी जाणतो. पण तोच नियम मुलांना ऐन वेळी पाडतो. ‘त्यानं खूप काम केलं’ म्हणायला जातात आणि ‘ही हार्डली वर्क्ड’ लिहितात. अर्थ निघतो, त्यानं जेमतेमच काम केलं! ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘फ्रेंडली’ला एलवाय आहे, तरी ते विशेषण. आणि ‘द रोज स्मेल्स स्वीट’मध्ये ‘स्वीटली’ चालतच नाही, कारण गोडवा गुलाबाचा आहे, वास घेण्याच्या क्रियेचा नव्हे. विचारायचं तर हे विचारा ना.

ओसरी :
मूळ आपल्या मराठीत आहे, त्याकडे कुणी बघत नाही. ‘तो चांगला खेळतो’, ‘ती चांगली गाते’. गाण्याबद्दल बोलतोय, पण शब्द बदलतो कर्त्याप्रमाणे, अगदी विशेषणासारखा. माझ्या भाचीच्या वहीत ‘शी सिंग्ज गुड’वर तीनदा लाल रेघ होती. मी तिला ‘ती चांगली मुलगी आहे’ आणि ‘ती चांगली गाते’ ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहायला लावली. दोन्हीकडे ‘चांगली’च. मग म्हटलं, इंग्रजीत मुलीला ‘गुड’ आणि गाण्याला ‘वेल’. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. ‘हळू’चंही तसंच : ‘हळू आवाज’, ‘हळू चालतो’, रूप एकच. खडूफळांच्या विद्यार्थिनीला ‘स्लो’ जवळचं वाटलं, यात नवल नाही.

नियमात_राहा :
‘हार्डली’चं मान्य. मीही त्यात एकदा गुण घालवलाय. पण ‘स्लोली’ बरोबर धरल्यानं कुणाचं नुकसान होत नाही, असं मला अजूनही वाटतं.

खडूफळा :
होतं ना! जिनं जास्त वाचलं, तिचेच गुण गेले. लोकसेवा आयोग निदान पहिली उत्तरतालिका लावून हरकती मागवतो. क्लासच्या पेपरात तीही सोय नाही. मी शब्दकोशातलं ‘स्लो’चं पान जोडून त्या क्लासला पत्र पाठवतोय.

नियमात_राहा :
पाठवा. पण प्रश्न नुसता रद्द करायला सांगू नका, बदलून द्या. ‘द ड्रायव्हर लुक्ड ____ ॲट द वेट रोड’, पर्याय ‘केअरफुल’ आणि ‘केअरफुली’. इथे ‘लुक्ड’ म्हणजे पाहिलं, म्हणून ‘केअरफुली’च. दुसरं उत्तर निघत नाही.

खडूफळा :
घेतला. त्याच्याखाली ‘द ड्रायव्हर लुक्ड टायर्ड’ही जोडतो. तिथे ‘लुक्ड’ म्हणजे दिसला. उद्या सकाळच्या बॅचला दोन्ही फळ्यावर.