सिंगापूर : एका दिवसाच्या नियोजनाविषयी

आई-वडील आणि लहान मुलासह सोलापूरहून निघून सिंगापूरचे युनिव्हर्सल स्टुडिओज हे मनोरंजन उद्यान एका दिवसात कसे पाहावे, असे आपण विचारले आहे. रांगेतला वेळ वाचवणारा एक्सप्रेस पास घ्यावा, असा सल्ला आपल्याला मिळाला आहे, आणि तो योग्यच आहे. तरीही माझ्या मते सकाळची वेळ त्याहून मोलाची आहे. हार्बरफ्रंट मेट्रो स्थानकाजवळून उद्यान असलेल्या सेंटोसा बेटावर नेणारी सेंटोसा एक्सप्रेस ही मोनोरेल पकडून दार उघडण्यापूर्वीच पोहोचावे आणि गर्दी वाढण्याआधी ट्रान्सफॉर्मर्ससारख्या लांब रांगांच्या राईड आटोपून घ्याव्यात. मुलाची उंची घरीच मोजावी, कारण बॅटलस्टार गॅलॅक्टिका या रोलर कोस्टरसाठी किमान १२५ सेंटीमीटर उंची लागते आणि ऐनवेळी नकार मिळाला की मूल फार हिरमुसते.

मला खरी काळजी वाटते ती दुपारची. आपल्याला चाळिशी ओलांडणाऱ्या पाऱ्याची सवय असली, तरी सोलापूरचे ऊन कोरडे असते. सिंगापुरात पारा तिशीच्या आसपास असूनही दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे वयस्कर माणसे आपल्या अंदाजापेक्षा बरीच लवकर थकतात. म्हणून त्या दोन-तीन तासांत आजी-आजोबांना वातानुकूलित प्रेक्षागृहांतील कार्यक्रम दाखवावेत, पाणी पाजत राहावे आणि हमखास भिजवणारी जुरासिक पार्कची राईड कोरडे कपडे सोबत असतील तरच घ्यावी.