मदत हवी आहे: नवऱ्याच्या जिवलग मित्राला कर्जासाठी जामीन राहावं का?

नमस्कार मंडळी,

सरळ मुद्द्यावर येते. आम्ही बेळगावात राहतो, अनगोळला. नवरा उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये सीएनसी प्रोग्रॅमर आहे आणि मी टिळकवाडीत एका कर सल्लागारांकडे अकाउंट्स बघते. नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र नोकरी सोडून स्वतःचं जॉबवर्क (दुसऱ्या कारखान्यांना सुटे भाग करून देण्याचं काम) सुरू करतोय. मच्छेत शेड ठरवलीय, एक जुनं व्हीएमसी मशीनही (धातूचे भाग कापणारं संगणकी मशीन) बघून आलाय. त्यासाठी एका क्रेडिट सोसायटीकडून 12 लाखांचं कर्ज काढायचंय आणि सोसायटीला दोन पगारदार जामीन हवेत. एक त्याचा मेहुणा. दुसरा माझा नवरा, असं त्याने धरूनच चाललंय. नवरा "बघू" म्हणता म्हणता जवळजवळ हो म्हणून बसलाय. सही अजून झालेली नाही.

हा मित्र कोण ते कळल्याशिवाय माझी अडचण कळणार नाही. दोघे शहापुरात एका गल्लीत वाढले, आयटीआय एकत्र केलं, उद्यमबागेत एकाच शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. माझ्या सासऱ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा नवऱ्याला रजा मिळत नव्हती. त्या रात्री हा हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये चटईवर झोपला आणि सकाळी तिथूनच शिफ्टला गेला. त्याची बायको आता माझी मैत्रीण आहे. लग्न होऊन मी येळ्ळूरहून इथे आले तेव्हा गल्लीत ओळखीचं कुणी नव्हतं. नवरा सेकंड शिफ्टला असला की ती डबा घेऊन यायची आणि आम्ही दोघी एकत्र जेवायचो. आजही रविवारी चौघांचं काही ना काही ठरतंच, कधी राजहंसगड, कधी नुसतंच कॅम्पात फिरून येणं. आमच्या बहुतेक मित्रमैत्रिणी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला गेल्या. इथे राहिलेली, हाकेला येणारी माणसं म्हणजे हे दोघेच.

म्हणून हा प्रश्न "नाही म्हणून टाका" इतका सोपा नाही.

आता माझी भीती सांगते. तो पैसे बुडवेल असं मला एक क्षणही वाटत नाही. हाताने कामसू आहे, दारू नाही, जुगार नाही. पण आमच्या ऑफिसात अशा छोट्या शॉपवाल्यांच्या फाइली येतात आणि त्यांचं काय होतं ते मी रोज बघते. काम भरपूर असतं, बिलं वेळेवर निघतात, माल जातो, पैसे मात्र अडकतात. 2006 च्या एमएसएमई कायद्यात छोट्या उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायला सांगितलंय, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती ऑनलाइन फुकट होते. पण पुढचं काम हातचं जाईल म्हणून तगादा लावायला माणूस कचरतो. तीन-चार महिने पैसे अडकतात आणि तेवढ्यात हप्त्याच्या तारखा येऊन जातात. प्रामाणिक माणसाचाही हप्ता असा थकतो. आणि हप्ता का थकला याच्याशी जामीनकीच्या कागदाला काही घेणंदेणं नसतं.

12 लाख, 5 वर्षं, 14 टक्के. महिन्याला साधारण 28 हजारांचा हप्ता बसतो. नवऱ्याचा पगार ओव्हरटाइम धरून 30 हजारांच्या आसपास आहे. म्हणजे मित्राचा एक हप्ता आमच्याकडे आला तर नवऱ्याचा अख्खा महिना त्यात जाणार.

आमच्या ऑफिसातल्या सरांना विचारलं. जामीन म्हणजे ओळखपाळखीची सही नव्हे, हे त्यांनी नीट बसवून समजावलं. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, कागदात वेगळं लिहिलेलं नसेल तर. "आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या" असं म्हणता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1968 सालीच सांगितलंय. दोन जामीन असले तरी पूर्ण रक्कम एकाकडूनही मागता येते, मग त्या दोघांनी आपसात वाटून घ्यायचं. आणि एकदा कर्ज उचललं गेलं की मधेच "मी आता जामीन नाही" असं पत्र देऊन सुटता येत नाही. शिवाय जामीनकी क्रेडिट रिपोर्टमध्ये दिसू शकते. आम्हाला येत्या दीड-दोन वर्षांत एक छोटा फ्लॅट घ्यायचाय, थोडी एफडी त्यासाठीच बाजूला ठेवलीय. गृहकर्जाला गेल्यावर बँक ही जामीनकीही मोजणार.

मी कागद बघितला, तिथे माझं मन जास्तच धास्तावलं. मित्राने फॉर्म घरी आणून दिला होता. छापील मजकूर सगळा कन्नडमधून. नवरा कामापुरतं कन्नड बोलतो, शॉपमधले निम्मे लोक कन्नडच आहेत, पण कायद्याची भाषा वाचणं वेगळं, आणि आम्ही दोघेही मराठी माध्यमातले. रकमेची जागा कोरी, मुदतीची कोरी, व्याजाची कोरी. जिथे सही करायची तिथे पेन्सिलने छोट्या फुल्या मारलेल्या. सोबत चिठ्ठी: दोन फोटो, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, आधार, पॅन आणि सही केलेले तीन कोरे चेक. जामीनदाराचे चेक! जामीनदाराने दिलेला चेक परत गेला तरी चेक बाउन्सची केस (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम 138) होऊ शकते, असं सुप्रीम कोर्टाने 2002 साली म्हटलंय. हे नवऱ्याला सांगितल्यावर तो पहिल्यांदा जरा गप्प झाला.

पण त्याचं मन वळत नाही, आणि मला त्याचा रागही येत नाही. परवा रात्री सेकंड शिफ्ट करून आला, अंगाला कुलंटचा वास, हातपायही न धुता ओट्याशी उभा राहून म्हणाला, "अगे, त्याने आजवर कधी काय मागितलंय काय? पहिल्यांदा मागालाय. मी नाही म्हटलं तर तो दुसरा जामीन शोधेल, खरं माझ्याकडं परत त्याच तोंडानं येईल काय?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

माझ्या बाजूलाही इतिहास आहे. माझ्या वडिलांनी चुलतभावाला जामीन राहून सही केली होती. पाऊस गेला, भात गेलं, हप्ते थकले आणि नोटीस आमच्या दारात आली. बाबांनी ती रक्कम फेडली. कुणी कुणाला फसवलं नव्हतं, तरीही दोन घरांचं येणंजाणं थांबलं ते थांबलंच. देणारा मनात हिशोब ठेवतो आणि घेणारा नजर चुकवतो. मला माझ्या मैत्रिणीबरोबर असं व्हायला नकोय. नाही म्हटलं तर मैत्री आज दुखावेल. हो म्हटलं आणि धंदा अडला तर उद्या पूर्ण तुटेल. मला तरी दुसरं जास्त वाईट वाटतं.

तुमच्याकडून मला हे हवंय. कुणी जवळच्या मित्राला जामीनकी नाकारलीय आणि तरीही मैत्री टिकलीय का? काय शब्दांत सांगितलंत, नवऱ्याने एकट्याने की दोघांनी मिळून? माझ्या मनात असं आहे की जामीन न राहता आमच्या एफडीतले एक लाख त्याला सरळ द्यावेत, परत कधी येतील ते येऊ देत, लेखी काही नको. गेले तर एक लाख जातील, बारा नाही. पण ते त्याला भीक घातल्यासारखं वाटेल का, ही शंका आहे. पुरुष मंडळींनी याचं उत्तर द्यावं, तुमच्या मनात अशा वेळी काय येतं ते मला खरंच कळत नाही.

आणि सही करावीच लागली तर कागदात काय काय लिहून घ्यायचं, हेही ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा.

भर: एवढ्या लवकर इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काहींनी विचारलंय ते इथेच सांगते.

मशीन सोसायटीकडे तारण राहणार आहे का? हो, राहणार आहे. यावर खानापूरच्या एका काकांनी चांगली गोष्ट सांगितली, मी सरांकडून खात्री करून घेतली. जामीनदाराने कर्ज फेडलं तर सोसायटीकडे असलेल्या तारणावर त्याचा हक्क येतो, करार कायद्याचं कलम 141. म्हणजे वेळ आलीच तर मशीनवर आमचा दावा राहतो. पण जुन्या मशीनला पाच वर्षांनी काय किंमत येणार, हे नवराच जास्त जाणतो, आणि त्यानेच मान हलवली.

जामीनकीला मर्यादा घालता येते का? येते, सोसायटीने मान्य केलं तर. "अमुक रकमेपर्यंतच" असं कागदात स्पष्ट लिहून घ्यायचं. तसंच आमच्या संमतीशिवाय सोसायटीने कर्जाच्या अटी बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारापुरती जामीनदाराची सुटका होते, कलम 133. मात्र अशी संमती आधीच दिलीय असं छापील फॉर्ममध्ये बहुतेक वेळा घातलेलं असतं, म्हणून कन्नड मजकूर कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या, असं हुक्केरीच्या ताईंनी लिहिलंय. ते मी करणार आहेच. ऑफिसातली माझी सहकारी कन्नड माध्यमातली आहे, तिने वाचून द्यायचं कबूल केलंय.

बँकेत का जात नाही, हे तर जवळपास सगळ्यांनीच विचारलं. मीही तेच म्हणत होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाच्या किमान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुद्रा योजनेतही तरुण गटात 10 लाखांपर्यंत मिळतात. त्याहून मोठ्या रकमेला सीजीटीएमएसई ही सरकारी हमी आहे, तिच्यात तिसऱ्या माणसाचा जामीन लागत नाही. मित्राचं म्हणणं असं की तो एका बँकेत जाऊन आला, तिथे जुन्या मशीनला कर्ज नाही म्हणाले आणि तीन वर्षांचे रिटर्न मागितले. सोसायटी आठवड्यात पैसे देते, मशीनवाला थांबणार नाही. त्याची घाई मला समजते. पण त्याच्याकडे तीन लाख स्वतःचे आहेत, ते शेडच्या डिपॉझिटला आणि टूलिंगला (मशीनच्या हत्यारांना) ठेवलेत. ते मशीनमध्ये घातले तर कर्ज 9 लाखांवर येतं, बँकेच्या त्या 10 लाखांच्या आत बसतं आणि जामीनदाराचा प्रश्नच उरत नाही, असं मला वाटतं. मग आमचे एक लाख डिपॉझिटला कामी येतील. भीक म्हणून नाही, त्याची अडलेली जागा भरायला.

हे गणित मी काल रात्री नवऱ्यासमोर कागदावर मांडलं. तो बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "हे आपण चौघांनी बसून बोलू." मित्राची बायको घरचा हिशोब चांगला ठेवते, तिला हे पटेल असं मला वाटतं. रविवारी ते दोघे जेवायला येणार आहेत.

म्हणून आता माझा प्रश्न थोडा बदललाय. बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात गेल्या वर्ष-दोन वर्षांत कुणी जुन्या मशीनसाठी बँकेकडून कर्ज घेतलंय का? शाखेचं किंवा साहेबांचं नाव इथे नको. किती दिवस लागले, मशीनचं मूल्यांकन कुणाकडून करून घ्यावं लागलं, नवीन धंदा असताना रिटर्नऐवजी काय दाखवलं, आधी नोकरी केलेल्या शॉपचं ऑर्डर देण्याचं पत्र चाललं का, एवढं सांगा. रविवारच्या आत कळलं तर त्याच्यासमोर ठेवायला माझ्या हातात काहीतरी असेल.