अपराजित, अजेय की अजिंक्य?

प्रश्न : जुन्या अमेरिकन फुटबॉलवर लेख लिहिते आहे. ओहायोतला कँटन बुलडॉग्ज हा संघ १९२२ साली १२ सामने खेळला. १० जिंकले, २ बरोबरीत सुटले, हरला एकही नाही. पुढच्या वर्षीही तसंच : ११ विजय, १ बरोबरी. या संघाला काय म्हणू?

प्रतिसाद : अपराजित. 'पराजित' हे घडून गेलेल्या गोष्टीचं विशेषण, म्हणून अपराजित म्हणजे त्या हंगामात न हरलेला. अजेय म्हणजे ज्याला हरवणं शक्यच नाही असा. १९२२ मध्ये कँटनने १८४ गुण केले आणि प्रतिस्पर्ध्यांना मिळून जेमतेम १५ करू दिले, तरी दोन संघांनी त्यांना रोखलंच ना? 'अजिंक्य' आपल्या 'जिंकणे'वरून घडलेला, अर्थ अजेयचाच. साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याला तो शोभतो. संघाला लावताना मात्र 'अजिंक्यपद' आडवं येतं, कारण वाचक अजिंक्य म्हणजे विजेता असं धरून चालतो. १९३४ चे शिकागो बेअर्स घ्या. नियमित हंगामातले १३च्या १३ सामने त्यांनी जिंकले आणि अंतिम सामना न्यूयॉर्क जायंट्सकडून ३०-१३ असा गमावला. हंगामात अपराजित, अजिंक्यपद दुसऱ्याचं!

आणखी एक : क्रियापदही जपून वापरा. १९२० साली ॲक्रन प्रोज ८ विजय आणि ३ बरोबरींसह अपराजित राहिला, पण तेव्हा अंतिम सामना नव्हताच. अजिंक्यपद पुढच्या वर्षी संघांच्या बैठकीत मतदानाने ठरलं. तिथे 'अजिंक्यपद पटकावलं' मला खटकतं. 'बहाल झालं' लिहावं.

प्रश्नकर्ती : पटलं. मग त्या दोन सामन्यांना 'अनिर्णित' म्हटलं तर?

प्रतिसाद : नको. क्रिकेटमध्ये डाव पुरे न होता वेळ संपते, तो सामना अनिर्णित (शुद्ध रूप खरं तर अनिर्णीत). इथे वेळ संपली तेव्हा गुण सारखे होते, म्हणजे बरोबरी. आणि '१०० टक्के यश' हेही टाळा. त्या काळी विजयाची टक्केवारी काढताना बरोबरीचे सामने धरतच नसत, ते १९७२ पासून धरू लागले. म्हणून जुन्या तक्त्यात कँटनपुढे पूर्ण यश दिसतं. मराठीत सरळ लिहा : दहा विजय, दोन बरोबरी, पराभव एकही नाही.